रांजण कुणाचे

"वाचा," न्याय देणारा साहेब म्हणाला. दुभाष्याने जाडजूड पुस्तकातलं खुणेचं पान उघडलं.

"रंगाऱ्यांमध्ये नवरा वारल्यावर बायकोचा कामाच्या जागेवर काही हक्क राहत नाही. सगळं दिराकडे जातं. ही चाल पूर्वापार आहे."

माझ्या शेजारी बसलेले मामंजी, म्हणजे माझे सासरे, ताडकन उठले. "खोटं आहे ते! साफ खोटं!"

"तुम्हाला काय माहीत?"

"अहो, मीच सांगितलंय ना ते!"

अख्ख्या कचेरीत हशा पिकला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर ताई उभी होती, माझी नणंद, मामंजींची एकुलती लेक. नवरा गेल्यावर निळीच्या रंगाचं काम तिने एकटीने ओढलं होतं. आता दिराने त्या खोलीला कुलूप ठोकलं होतं. निळीचे रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले असतात, ते काही उचलून माहेरी आणता येत नाहीत. खोली गेली की पोटाचा धंदा गेला.

मामंजी बोलले ते मात्र अगदी खरं होतं. मी तेव्हा नवी सून होते आणि दाराआडून सगळं ऐकलं होतं. परक्या सरकारचा एक साहेब आमच्या गल्लीत आला होता. आमच्यासारखाच चटईवर मांडी घालून बसला, आमची भाषा आमच्यापेक्षा गोड बोलला. लग्नं कशी करता, भांडणं कशी मिटवता, एक ना दोन. गल्लीने त्याचं नाव चौकशीसाहेब ठेवलं. इतकं गोड बोलणाऱ्याला नक्की काय हवंय, हेच जो तो एकमेकाला विचारत होता. मग त्याने विचारलं, माणूस मेल्यावर रांजण कुणाचे?

"आला मुद्द्यावर," कुणीतरी पुटपुटलं. "आज विचारतोय कुणाचे, उद्या ज्याचं नाव सांगू त्याच्यावर कर बसवेल."

गल्लीत तेव्हा काही विधवा रांजण चालवत होत्या. त्यांना वाचवायला मामंजींनी भोळा चेहरा केला. "बायकांचं कसलं आलंय साहेब? सगळं दिराचं."

"कधीपासून?"

"पूर्वापार!"

साहेबाची पाठ वळली आणि माणसं पोट धरधरून हसली. त्या विधवांनीच सगळ्यांना चहा पाजला. ताईचा दीरसुद्धा हसणाऱ्यांत होता. पुढे कर आला तो आलाच, सरसकट सगळ्यांवर. आणि मामंजींची थाप पुस्तकात छापून कचेरीच्या टेबलावर येऊन बसली.

"बरं, मग खरी चाल काय?" कचेरीतल्या साहेबाने टाक उचलला.

"तसं एक काही नसतं साहेब," मामंजी गडबडले. "चार माणसं बसतात. बाई कशी आहे, दीर कसा आहे, पदरात पोरं किती, काम कोण करतं, सगळं बघतात. मग ठरवतात."

"म्हणजे चाल नाहीच." त्याने टाक खाली ठेवला. "शिवाय तुम्ही मुलीचे वडील. तेव्हा खोटं बोललात की आज बोलताय, हे मी कसं ओळखायचं?"

दिराला विचारलं, तर तो जमिनीकडे बघत म्हणाला, "पुस्तकात आहे तेच खरं."

खोली दिराला मिळाली आणि ताई बोचकं घेऊन आमच्याकडे आली. खोटं कशाला बोलू, दोन खोल्यांत आणखी एक माणूस म्हटल्यावर माझं तोंड वाकडं झालंच होतं. पण तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. दिराला मात्र तिने निरोप धाडला, "निदान रोज ढवळत जा. नाही ढवळलं तर नीळ मरते." त्याने ढवळलं नाही. काही दिवसांनी गल्लीभर कुजका वास सुटला. ताई शेंगा सोलत होती. तिचा हात जरासा थांबला, मग ती पुन्हा सोलू लागली. मला रडू आवरेना.

मामंजींनी तर प्रश्नांचा धसकाच घेतला. कुणी वेळ विचारली तरी "का विचारतोस?" म्हणायचे.

आणि एके दिवशी चौकशीसाहेब दारात हजर! केस पिकलेले, बोलणं तेच मधाळ. "पुस्तक नव्याने छापतोय. काही चुका राहिल्यात म्हणे."

"हाकल त्याला," मामंजी माझ्या कानात कुजबुजले. "शब्द बोललीस तर तोच गळ्याला फास."

मीही दार लोटणारच होते. तेवढ्यात ताई भांडी पुसायच्या फडक्याला हात पुसत बाहेर आली. "विचारा साहेब."

"माणूस मेल्यावर रांजण कुणाचे?"

"गप्प बस!" मामंजी ओरडले.

ती उंबऱ्यावर बसली. "ज्याचे हात निळे, त्याचे रांजण. बाई असो की बाप्या. मध्ये दीर येत नाही."

असलं काही आमच्यात आजवर कुणी बोललं नव्हतं. मी आ वासून बघत राहिले.

"कधीपासून?"

"पूर्वापार," ताई म्हणाली. पापणीसुद्धा हलली नाही तिची.

साहेबाने मामंजींकडे पाहिलं. मामंजी लेकीकडे बघत होते. मग त्यांनी सावकाश हात जोडले. "हो साहेब. माझे आजोबा सांगायचे."

साहेब खूश झाला. लिहून घेतलं, पुन्हा वाचून दाखवलं आणि गेला.

"अगं, पण तुला काय मिळणार यातून?" मी न राहवून विचारलं. "तुझे रांजण तर गेले."

"पलीकडच्या रंगारणीचा नवरा अंथरुणाला खिळलाय," ती म्हणाली. "तिचा दीर रोज येऊन खोली बघून जातो."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. साहेब होता तोवर तिने हात फडक्यात गुंडाळूनच ठेवले होते. आता तिने फडकं सोडलं आणि वळणीवर टाकलं. माझ्या घरची भांडी घासून घासून तिचे हात माझ्या हातांसारखेच झाले होते. निळा रंग उरला होता तो फक्त नखांच्या कडेला.