न पेटणारा कारखाना

रंगाच्या कारखान्यातल्या सुरक्षा अधिकाऱ्याचं दुखणं असं होतं, की बावीस वर्षांत कारखान्याला एकदाही आग लागली नव्हती. डॉक्टरकडे रोगी येतो, वकिलाकडे भांडण येतं. याचं काम चोख झालं की कुणीच येत नाही. त्यामुळे येत्या गुरुवारच्या बैठकीसाठी चौथा विषय ‘सुरक्षा अधिकारी या पदाची आवश्यकता’ असा निघाला, तेव्हा त्याच्याखेरीज कुणालाच नवल वाटलं नाही.

विषयांची यादी शुक्रवारी हातात पडली. शनिवार येरझाऱ्यांत गेला. रविवारी सकाळी त्याने चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या, तेव्हा बायको म्हणाली, “अहो, कुठे निघालात?”

“कुठेच नाही.”

“मग चपला काढून इथे बसा आणि काहीतरी फोडा.”

बायको शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. फेकलेला गोळा कसा जातो हे वर्षानुवर्षं फळ्यावर काढून तिचा हात दुखायला लागला, तेव्हा तिने कंप्युटरवर एक खेळ घेतला. लाकडाचे ठोकळे जोडून गोफणयंत्र बांधायचं आणि समोरचा किल्ला पाडायचा. किल्लाही हवा तर आपणच रचायचा. वजन, वारा, सांध्यांचं कुरकुरणं, सगळं खऱ्यासारखं. गोळ्याखाली मशाल लावली की गोळा पेटायचा, आणि लाकूडही.

बावीस वर्षं लोकांना आग विझवायला शिकवणाऱ्या माणसाला ती लावता येईना. पहिला गोळा पेटायच्या आधीच सुटला. दुसऱ्याला त्याने थांबवून धरलं, तर यंत्राचा हात जळून गोळा यंत्राच्याच पायाशी पडला आणि यंत्राने स्वतःचं दहन करून घेतलं. तिसरा झोकात निघाला, वाटेत विझला आणि किल्ल्याच्या दारात लांबच्या पाहुण्यासारखा गुमान जाऊन बसला.

“तुम्हाला दम नाही,” बायको वह्या तपासता तपासता म्हणाली. “मशाल लावली की तीन मोजा.”

“तीनला हात जळतो.”

“मग वाटी लोखंडाची घ्या. हे सातवीतल्या पोरींना सुचलं.”

वाटी लोखंडाची केल्यावर गोळे पेटते जाऊ लागले. जेवणापर्यंत त्याने सहा किल्ले जाळले, आणि प्रत्येक वेळी किल्लेदाराने पाण्याची टाकी कुठे ठेवायला हवी होती हेही मोठ्याने सांगितलं. जेवताना घास हातात तसाच ठेवून तो उठला. “मी आपला कारखाना बांधतो. गुरुवारी त्यांच्यासमोर पेटवून दाखवतो. मग बघू कुणाला माझी गरज नाही ते.”

कारखाना त्याला तोंडपाठ होता. एका टोकाला थिनरची पिंपं, दुसरीकडे पॅकिंगची शेड, मध्ये नऊ फूट मोकळी जागा. चारपर्यंत सगळं उभं राहिलं. त्याने थिनरवर पहिला गोळा टाकला. छप्पर कोसळलं, ज्वाळा नऊ फुटांच्या काठापर्यंत आली, थबकली आणि विझली. त्याने वारा वाढवला, गोळे मोठे केले, दोन दोन मारले. पॅकिंगची शेड जागची हलली नाही.

“शाबास,” बायको म्हणाली. “काम चोख केलंत की.”

“म्हणजे माझी गरज नाही.”

“मग शेड चार फूट पुढे सरकवा. कोण मोजायला येतंय?”

त्याने सरकवली. कारखाना शेवटच्या ठोकळ्यापर्यंत देखणा जळला. तो जरा वेळ खूश होता. मग एकदम साहेबांच्या आवाजात म्हणाला, “बावीस वर्षं तुम्ही असून हे असं पेटत असेल, तर तुम्ही इतके दिवस करत काय होतात?”

इकडे आड, तिकडे विहीर. तो पुन्हा येरझाऱ्या घालू लागला. बायकोने लाल पेन खाली ठेवलं.

“ती नऊ फूट जागा आपोआप मोकळी राहते का हो?”

“आपोआप? अगं, सोमवारी लोडरची पोरं लाकडी पॅलेट टाकतात. मंगळवारी अकाउंट्समधून मोडकी खुर्ची येते. बुधवारी पुठ्ठ्यांचे गठ्ठे. रोज अकराला जाऊन मी हाकलतो.”

“मग चार फूट कशाला चोरता? तेच बांधा.”

गुरुवारी बैठकीत त्याने पडद्यावर आधी आहे तसा कारखाना दाखवला. गोळा पडला, आग विझली. साहेब खुर्चीत सैलावले. अकाउंटंट म्हणाला, “पण मुळात आपल्यावर जळते गोळे फेकणार कोण?” हे इतिवृत्तात लिहून घेतलं गेलं.

“आता मी एक आठवडा घरी आहे,” सुरक्षा अधिकारी म्हणाला. त्याने मोकळ्या जागेत पॅलेट मांडल्या, खुर्ची मांडली, गठ्ठे मांडले. तेच यंत्र, तोच गोळा. आग खुर्चीवरून गठ्ठ्यांवर, गठ्ठ्यांवरून पॅकिंगमध्ये गेली.

“जरा मला मारू द्या,” साहेब म्हणाले.

साहेबांचा पहिला गोळा न पेटताच गेला. मग अकाउंटंटला पाळी हवी होती. सवा अकरा वाजले. सुरक्षा अधिकाऱ्याचा एक पाय टेबलाखाली हलायला लागला, मग दुसरा. शेवटी तो न विचारता उठला आणि खाली जाऊन आला. आला तेव्हा साहेबांच्या हातात माऊस होता, गोळा पेटला होता, आणि ते म्हणत होते, “तर चौथ्या विषयाचं असं आहे—”

“साहेब, गाडीची किल्ली द्या.”

“काय?”

“गाडी मोकळ्या जागेत लावलीय. सावलीत.”

“बैठक संपू द्या की.”

या खुर्चीत बसलेल्या माणसाशी असं बोलायचं नसतं, आजच्या दिवशी तर नाहीच, हे त्याला कळत होतं. पण लोडरच्या पोरांशी बोलायचा तो आवाज तोंडाला बसलेला होता. “बैठक चालू द्या. किल्ली आत्ता हवी.”

पडद्यावर पॅकिंगचं छप्पर खाली येत होतं. साहेबांनी ते पूर्ण खाली येईपर्यंत पाहिलं, आणि किल्ली टेबलावरून सरकवली.

गाडी उन्हात लावून तो वर आला, तर पाचवा विषय चालू होता. त्याने अकाउंटंटला हळूच विचारलं, “चौथ्याचं काय झालं?”

“पद राहिलं,” अकाउंटंट नेम धरत म्हणाला. “साहेबांच्या गाडीला सावली शोधायचं कामही तुमच्याकडेच दिलंय. सरकू नका, हात हलतो.”

तो टेकला. पाचवा विषय बैठकीच्या खोलीला नवे पडदे असा होता. तो पडदे कुठल्या कापडाचे, हे विचारायला उठला.