मधोमध टोचलेल्या माश्या

घरात मला माशीवाली म्हणतात. जेवताना ताटावर माशी बसली की सगळे माझ्याकडे बघून हसतात, ही कुठली गं, सांग बघून. आता मी सांगत नाही. दिवसभर तेच करायचं आणि वर घरीही तेच, डोळे आणि कंबर दोन्ही गेलेत माझे.

आमच्या रेशीम खात्यात माश्या ओळखणारे पूर्वी आम्ही दोघं होतो. दुसरे निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, खुर्ची तेवढी जागा अडवून बसली आहे. त्यामुळे दादा, माझा सख्खा मोठा भाऊ, माश्यांची डबी घेऊन आला तेव्हा ती दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालायची सोयच नव्हती.

दादा रेशीमकिडे पाळतो. अळ्या तुतीचा पाला खाऊन टम्म झालेल्या, आता कोष विणणार, एवढ्यात त्याच्या शेडमध्ये करड्या माश्या घोंगावायला लागल्या, आणि अशी माशी दिसली की खात्याला दाखवावीच लागते. तशा दिसणाऱ्या माश्या दोन जातींच्या. एक नुसती मेलेल्या अळीवर येते, तिचा त्रास नाही. दुसरी जिवंत अळीच्या अंगावर अंडं घालते आणि तिचं पिल्लू अळीला आतून खाऊन बाहेर पडतं. ही दुसरी निघाली की शेडमधल्या सगळ्या अळ्या त्याच दिवशी मारायच्या, नाहीतर ती शेजारच्या शेडमध्ये शिरलीच म्हणून समजा. गेल्या हंगामात वादळाने दादाची शेड झोपवली होती. हाही हंगाम गेला तर हे काम सोडावं लागेल, असं वहिनी फोनवर रडत म्हणाली होती.

दादा बाहेर बाकावर बसला. चहा नको म्हणाला. घाई नाही, नीट बघ, एवढंच म्हणाला.

डबी उघडली आणि माझं डोकं फिरलं. लोक माश्या आणतात त्या काडेपेटीत चेंगरून, नाहीतर चिकटपट्टीला फासून. या मात्र टाचणीला लावून, पाय पसरून, ओळीत उभ्या केलेल्या. आणि एकूण एक माशीच्या पाठीत टाचणी मधोमध! टाचणी टोचायची ती मधल्या रेषेच्या जरा उजवीकडे, म्हणजे डावी बाजू शाबूत राहते. या दोघी ओळखायच्या पाठीवरच्या उभ्या काळ्या पट्ट्यांवरून. गरीब बिचारीला तीन पट्टे, त्यातला एक बरोबर मधे. खाणारीला चार, आणि मधे मोकळं. तिथेच भोक पाडल्यावर मधे काय होतं ते ब्रह्मदेवाच्या बापालाही सांगता येणार नाही.

मनातल्या मनात दादाला यथेच्छ शिव्या घातल्या. मग एकदम आठवलं. मी शिकत होते तेव्हा माझ्या परीक्षेच्या माश्या दादानेच टोचून दिल्या होत्या. माझा हात थरथरायचा, त्याचा नाही. उजवीकडेच का, हे मी इतक्यांदा घोकून घेतलं होतं की तो वैतागून म्हणायचा, कळलं बाई, आता झोपेतही उजवीकडेच टोचेन. एखादी माशी चुकते, दोन चुकतात. सगळ्याच्या सगळ्या इतक्या नेमक्या मधोमध चुकून होत नाहीत.

नमुना खराब, ओळख पटत नाही, एवढं लिहिलं असतं तर कुणी हूं की चूं केलं नसतं. नवे नमुने मागवेपर्यंत अळ्या कोषात गेल्या असत्या आणि दादा सुटला असता. खरं सांगते, मला माश्यांचा, खात्याचा, सगळ्याचाच इतका कंटाळा आला होता की मी पेन उचललंसुद्धा.

पण पट्ट्यांशिवायही एक खूण असते. ती मी नोकरीत शिकले, त्यामुळे दादाला ती ठाऊक नव्हती. माशीच्या पाठीच्या शेवटी ढालीसारखा छोटा तुकडा असतो आणि खाणारीला त्या ढालीखाली फुगवटा असतो. माशी बाजूने बघितली की दिसतो. नसता बघितला तरी चाललं असतं. पण दादाच्या शेजारची शेडवाली डोळ्यांसमोरून हलेना. वादळात दादाच्या वाचलेल्या अळ्या तिने स्वतःकडे ठेवून घेतल्या होत्या, त्यांना पाला घातला होता. मी माशी आडवी धरली. फुगवटा होता. दुसरीला होता. सगळ्यांनाच होता.

बाहेर जाऊन दादाला सांगितलं.

"मुद्दाम टोचल्यास ना मधे?" मी विचारलं.

"हो. म्हटलं, तुला दिसलंच नाही तर खोटं लिहायची पाळी येणार नाही तुझ्यावर."

मला राग यायला हवा होता. रडू आलं. ऑफिसच्या व्हरांड्यात, लोक येत-जात असताना, तोंडाला रुमाल लावून मी रडले आणि पाठीवरून हात फिरवला तोही त्यानेच. शेजारणीला आधी सांगतो, म्हणाला, मग वहिनीला. मग पिशवी उचलली आणि दोन पायऱ्या उतरून थांबला.

"तुझ्या वहिनीने पाला तोडून ठेवलाय. संध्याकाळी मारायच्याच आहेत, तर आत्ताचा घालू की नको?"

खात्याच्या हिशेबाने घालायचा नाही, फुकट जातो.

"घाल, दादा," मी म्हटलं. "पोटभर घाल."