गासडीच्या कापडाचा कोट

आर्डेलियाने पेटीतल्या वरच्या दोन गोधड्या उचलून पलंगावर टाकल्या आणि तळाशी हात घातला. लग्नातला झगा हाताला लागला. त्याच्या घडीत ठेवलेला नवऱ्याचा कोट मात्र नव्हता.

"सापडलं का गं?" झिल्फाने स्वयंपाकघरातून विचारलं. थोरली नणंद रजईसाठी जुनी कापडं गोळा करत सकाळपासून घरोघर हिंडत होती.

"झगा आहे, वन्सं. ह्यांचा कोट दिसत नाही."

"मग झगाच दे. रजईच्या आत घालते. नाहीतरी गासडीला गुंडाळायचं कापड ते! ते घालून तू बोहल्यावर उभी राहिलीस आणि आमची आई भर जत्रेत तोंड लपवून बसली."

"झगा नाही मिळायचा."

"बरं बाई, ठेव उराशी धरून," म्हणत झिल्फाने आपलं गाठोडं उचललं आणि ती निघून गेली.

आठ वर्षांपूर्वी, ऐन वेचणीच्या तोंडावर, तागाच्या व्यापाऱ्यांनी संगनमत करून गोणपाटाचे भाव चढवले होते. कापसाच्या गासड्या गोणपाटातच बांधायची रीत. तेव्हा जॉर्जिया राज्यातल्या शेतकऱ्यांनी 'अलायन्स' या आपल्या संघटनेत शपथ घेतली की तागाला हात लावायचा नाही, आपल्याच कापसाचं जाडंभरडं कापड गुंडाळायचं. प्रचारासाठी भर जत्रेत, त्याच कापडाचे कपडे घालून लग्न करणारं एक जोडपं हवं होतं. अ‍ॅन्सेल आणि आर्डेलिया पुढे झाले. कापड इतकं टोचत होतं की तिची मान लाल झाली होती. तेवढी सुखी ती पुन्हा कधी झाली नाही.

अ‍ॅन्सेल अलायन्सचा व्याख्याता होता. गाडीवर उभा राहून बोलायचा आणि शेवटी लोकांना तीन प्रश्न विचारायचा. कापूस पिकवतं कोण? आम्ही! भाव ठरवतं कोण? ते! आणि उद्या ठरवणार कोण? आम्ही! आर्डेलियाला तिसऱ्या प्रश्नाला दम निघायचा नाही. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती ओरडायची आणि सगळं मैदान हसायचं. "या बाईंना जरा धीर नाही," असं तो गाडीवरून म्हणाला, तिथूनच दोघांचं जुळलं होतं.

पुढे शपथ ढिली पडली, ताग परत आला. गेल्या साली शेतकऱ्यांचा पक्ष निवडणुकीत सपाटून आपटला. त्या दिवशी घरी येऊन अ‍ॅन्सेलने सगळी पत्रकं चुलीत घातली. तेव्हापासून जेवताना "मीठ दे" आणि निजताना "दार लाव", एवढंच त्याचं बोलणं. दारू नाही, मारहाण नाही. तक्रार करायची तरी कशाची? त्याच घरात, त्याच ताटाशी बसलेल्या माणसासाठी तिचा जीव झुरत होता आणि हे सांगायचं तरी कुणाला?

आता कोटही गेला. चुलीतच गेला असणार. आर्डेलियाच्या अंगाचा तिळपापड झाला. हात पुसून ती तरातरा गोठ्याकडे निघाली. आज विचारायचंच.

ऊन कलायला आलं होतं. गोठ्याच्या दाराशी पोचली आणि तिचे पाय थांबले. आत कुणीतरी बोलत होतं.

फळ्यांच्या फटीतून तिने पाहिलं. अ‍ॅन्सेल उलट्या टोपलीवर उभा होता. अंगात तोच कोट; पोटावर बटणं लागत नव्हती, बाह्या मनगटाच्या वर चढल्या होत्या. समोर डीकन नावाचं म्हातारं खेचर कडबा चघळत होतं.

"तर भावांनो," अ‍ॅन्सेल म्हणाला. आवाज हळू होता, पण होता तोच. "कापूस पिकवतं कोण?"

तो थांबला. लोकांच्या उत्तरासाठी थांबायचा, अगदी तेवढाच. डीकनने कान हलवला.

"भाव ठरवतं कोण?"

पुन्हा तेवढाच थांबला. आर्डेलियाने फळीला कपाळ टेकवलं. गुपचूप परत फिरावं, त्याला लाजवू नये, असं तिला वाटत होतं, आणि पाय निघत नव्हते.

"आणि उद्या ठरवणार–"

"आम्ही!"

तिच्या तोंडून निघून गेलं. आत टोपली करकरली आणि थांबली. आता तो कोट काढून फेकेल, आणि यापुढे मीठही मागणार नाही, या धास्तीने ती तशीच उभी राहिली.

आत त्याने घसा खाकरला.

"या बाईंना," अ‍ॅन्सेल म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला, "या बाईंना अजून धीर नाही."

मग त्याने पहिल्यापासून सुरुवात केली, जरा मोठ्याने.