एकाच पटीची दुर्बीण

मचाण नंबर चार शेवटी प्रागच्या एका दंतवैद्याला मिळालं. पण तसं झालंच नाही असं धरून चालू या. याखिम कुबातही तसंच धरून चालतो, आणि मचाण त्याचं होतं.

तर गुरुवारी दुपारी साडेचारला तो पिसेक गावच्या चौकात, बंदुकांच्या दुकानाच्या पायरीवर उभा होता. डावा डोळा गच्च मिटलेला, उजव्याला रायफलीवर बसवायची चार पटीची दुर्बीण. नोव्हेंबरात इथे साडेचारलाच अंधारून येतं, आणि दुर्बीण याच वेळी पारखायची. भर उन्हात काय, बाटलीच्या बुडातूनही दिसतं. मागे हिनेक प्राझाक इतका खेटून उभा होता, की त्याने दुपारी कांदा खाल्लाय हे कळत होतं.

"काय दिसतंय?" हिनेकने विचारलं.

हाच तो प्रश्न. याखिम चार दिवस त्याचीच वाट पाहत होता.

रविवारी हिनेकचा फोन आला होता. "दुर्बीण घ्यायचीय. तू चल बरोबर. काचेतलं तुला कळतं." चाळीस वर्षांच्या दोस्तीत हिनेकने सल्ला विचारल्याची ही पहिलीच वेळ. लग्न त्याने न विचारता केलं, घटस्फोटही न विचारता घेतला. शिवाय हिनेक शिकार मंडळाचा कार्यवाह. कुणी कुठल्या मचाणावर बसायचं हे तो सांगतो, आणि शनिवारी मंडळाची सभा होती. तळ्याकाठच्या चार नंबरवर याखिम एकतीस वर्षं बसत आला होता. बायको गेली त्या आठवड्यातही तिथेच बसला, कारण घरात बसवत नव्हतं. मचाण गेलं तर संध्याकाळचं काय करायचं, हे त्याला माहीत नव्हतं.

आणि ते जायला कारणही होतं. ऑक्टोबरात त्याने तिथून एक ढकलगाडी मारली होती.

नेम उत्तम होता. गोळी थेट खांद्यामागे, म्हणजे ढकलगाडीला खांदा असता तर. रीतीप्रमाणे त्याने टोपी काढली, मेलेल्या जनावराच्या तोंडात शेवटचा घास म्हणून ठेवायची ओकची डहाळी मोडून घेतली, आणि जवळ जाऊन बघतो तर चाक. डहाळी मोडलेलीच होती, तेव्हा ती गाडीत ठेवून तो घरी आला. कुणी पाहिलं नव्हतं. निदान त्याला कुणी दिसलं नव्हतं; पण त्याला काय दिसतं, यावर आता विसंबण्यात अर्थ नव्हता.

आज बसमध्ये हिनेकने आपल्या डब्यातला अर्धा पाव त्याला दिला, मांसासकट. तेव्हा तर याखिमची खात्रीच पटली, की परीक्षा दुर्बिणीची नाही, त्याच्या डोळ्यांची आहे. माणसाला फासावर चढवण्याआधी असंच खाऊ घालतात.

पण तोही कच्चा नव्हता. बुधवारी एकटाच येऊन तो चौक पाठ करून गेला होता. एकेका पाटीला नाक लावून. बेकरीवालीने त्याला हाकललंसुद्धा.

"औषधाचं दुकान," तो आता म्हणाला. "हिरवी पाटी. आठ ते पाच. शनिवारी बारापर्यंत."

"बरोबर," हिनेक म्हणाला. "हे सगळं चार पटीत?"

"चार पटीत."

हिनेकने दुर्बीण घेतली, डोळ्याला लावली, बराच वेळ धरली. "खरंच की. बारापर्यंत."

दुकानाची मालकीण दोब्रोमिला दारात हाताची घडी घालून उभी होती. दोघांना पहिल्या रायफली तिच्या वडिलांनीच विकल्या होत्या.

"फिरत्या पटीची का नाही बघत, कुबातकाका? तीनपासून बारापर्यंत. हल्ली सगळे तीच घेतात."

"कडं फिरवत बसायचं, तोवर रानडुक्कर जेवून हात धुऊन जातं. एकच पट असली, की माणूस दुर्बिणीकडे नाही, जनावराकडे बघतो."

"मग ही आठ पटीची. पुढची काच केवढी मोठी आहे बघा."

"आठ पटीत मला माझ्याच छातीचे ठोके दिसतात."

"पण उजेड किती घेते ती!" हिनेक मध्येच म्हणाला. "अंधार पडला तरी दिवसच."

"साठीनंतर डोळ्याची बाहुली तेवढी उघडतच नाही, प्राझाककाका. जादाचा उजेड गालावर पडतो."

"पडू दे. गालाने काय घोडं मारलंय?"

तिने हसून सहा पटीची याखिमच्या हातात दिली. त्याने ती डोळ्याला लावली. समोर हिरवट काहीतरी होतं. कालही हिरवंच होतं.

"औषधाचंच दुकान," तो म्हणाला. "आता पाटीवरची धूळसुद्धा दिसतेय."

"बरोबर," हिनेक म्हणाला. दुर्बीण न घेताच.

"कुठलं औषधाचं दुकान?" दोब्रोमिलाने विचारलं.

"हे काय, समोरचं."

"त्याला सकाळपासून परांची बांधलीय. वरून खालपर्यंत हिरवी जाळी. पाटी तर उतरवून आत ठेवली त्यांनी."

आपण पकडले गेलो, हे याखिमला आधी कळलं. मग आणखी काहीतरी कळलं, आणि त्याने सावकाश मान वळवली. हिनेकचे कान लाल झाले होते.

"तू 'खरंच की' म्हणालास," याखिम म्हणाला.

"म्हणालो."

"म्हणजे तुला..."

"तुला दिसतं असं वाटलं मला. तू म्हणशील ती घ्यायची, असं ठरवून आलो होतो." हिनेकने नाक पुसलं. "तू काय केलंस, पाठ केलंस?"

"काल."

"लेका, मला तरी सांगायचंस."

दोब्रोमिला आत जाऊन उगाच एक खोका पुसू लागली.

"तळ्याकाठची ढकलगाडी मी मारली," याखिम म्हणाला.

"तू?" हिनेक दचकला. "मी महिनाभर ती माझ्या नावावर धरून बसलोय. भोक बघितलं आणि म्हटलं, चला, सापडलं एकदाचं."

"काय सापडलं?"

"त्याच आठवड्यात मीही काहीतरी मारलं होतं. जाऊन बघितलं, तर तिथे काहीच नव्हतं."

"मग तू काय मारलंस?"

हिनेकने टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. चौकातून एक बाई सायकल हातात धरून चालली होती. ती पार दिसेनाशी होईपर्यंत दोघं तिच्याकडे बघत राहिले. म्हणजे फार वेळ नाही.

"सहाची घेतो, दोघांत एक," याखिम आत जाऊन म्हणाला.

"रायफल आणलीय? बसवून देते."

"नको," दोघं एकदम म्हणाले.

बसला अजून पाऊण तास होता. थांब्यावरच्या बाकावर बसून त्यांनी दोब्रोमिलाकडून आणलेल्या कागदावर अर्ज लिहिला. अक्षरं मोठी काढावी लागली, त्यामुळे कागद दोन लागले.

"मा. अध्यक्ष, शिकार मंडळ यांस. विषय : न मारण्याचा परवाना मिळणेबाबत. महोदय, मारण्याचे परवाने मंडळ दरवर्षी देते. न मारण्याच्या परवान्याचा छापील नमुना उपलब्ध नसल्याने सदर अर्ज साध्या कागदावर करीत आहोत. तरी मचाण नंबर चार आम्हा दोघांच्या नावे, रायफलीविना, एका दुर्बिणीसह, तहहयात देण्यात यावे. तसेच मंडळाने दरसाल मारावयाच्या डुकरांची जी संख्या सरकार ठरवून देते, तीत आम्ही न मारलेली डुकरे धरण्यात यावीत, ही नम्र विनंती."