प्रार्थना न चालणारा बाक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. माझा एक पाय आखूड आहे. त्यामुळे माझ्यावर बसणारा तिरका बसतो आणि तिरकंच बघतो. माझा स्वभाव संशयी झाला तो त्यामुळेच असावा.

सुताराने मला एका धार्मिक संस्थेच्या शाळेसाठी घडवलं. पाठीवर शिक्का बसला, 'सरकारी अनुदानातून'. नियम साधा होता. सरकारी पैसा शिकवण्यासाठी, प्रार्थनेसाठी नाही. आणि पालकांच्या सहीशिवाय कुठल्याही मुलाला प्रार्थनेला बसवायचं नाही. पण मुख्याध्यापिका मोठ्या बाई साध्या गोष्टींवरच जास्त संशय घेत.

"उद्या कुणी म्हणेल, सरकारी बाक प्रार्थना ऐकतो! अनुदान बंद होईल!"

तेव्हापासून प्रार्थना सुरू झाली, की शिपाईकाका मला उचलून अंगणात ठेवत. संस्थेच्या पैशातले बाक आत निवांत.

एके वर्षी शिंप्याची मुलगी शाळेत आली. तिच्या वडिलांनी संमतिपत्र कोरंच परत पाठवलं. म्हणाले, "देवाशी आमचं बरं चाललंय. त्याला फॉर्म कशाला?"

झालं! मुलगीही माझ्यासोबत उन्हात.

"सही आण आणि सावलीत ये हं," मोठ्या बाई गोड हसून म्हणायच्या. त्या हसण्याचा मला पहिल्या दिवसापासून संशय होता.

"काका, माझं काय चुकलं?" मुलीने शिपाईकाकांना विचारलं.

"तुझं काही नाही गं. बाकाचंच काहीतरी आहे."

मी आखूड पायावर तिच्याकडे जरा कललो. लाकडाने किती बोलावं?

एक दिवस तपासणीला निरीक्षक आले. अंगणातच थबकले.

"ही मुलगी उन्हात का?"

"बाकाला सोबत म्हणून, साहेब," काका म्हणाले.

"आणि बाक?"

"त्याला प्रार्थना चालत नाही."

निरीक्षकांनी वाकून माझ्या पाठीवरचा शिक्का वाचला. मग मुलीला विचारलं, "तुला आत बसायचंय?"

"प्रार्थनेला नको. सावलीत बसायचंय."

त्यांनी मोठ्या बाईंना बोलावलं. "प्रार्थना करणं जसं मर्जीचं, तसंच न करणंही. त्याची शिक्षा नसते, बाई. उद्यापासून ही वाचनाच्या खोलीत बसेल."

काकांनी दुसऱ्या दिवशी मलाही तिथेच नेऊन ठेवलं. हुकूम दोघांसाठी आहे, अशी त्यांची समजूत. आठवड्याभरात आणखी तिघांनी कोरी संमतिपत्रं आणली. त्यातले दोघे तिथल्या पंख्यासाठी आले होते, असा माझा दाट संशय आहे.

मित्रांनो, आता माझ्या फळ्या कुरकुरतात. माझ्यावर नावं कोरू नका. आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवा. आणि शेजारी कुणी गप्प बसलं असेल, तर का म्हणून विचारू नका. थोडं सरका. बाक लांब असतो तो त्यासाठीच.