कमरेत वाकलेली दांडी

मी एक जुनी, कमरेत वाकलेली दांडी आहे. उंच उडीची. कारखान्यातून निघाले तेव्हा सुतासारखी सरळ होते, अंगावर लाल-पांढरे पट्टे होते. मग शाळेच्या शिपाईमामांनी माझ्यावर ओल्या सतरंज्या वाळत घातल्या आणि मधोमध दोन बोटांचा बाक आला. स्पर्धेसाठी नवी दांडी आली. मी अडगळीतच जायची, पण खेळाच्या बाईंनी मला सरावासाठी मागून घेतलं.

मित्रांनो, या बाईंचं मला फार कौतुक. त्यांचा एक नियम होता. दांडी पाडून कोणी घरी जायचं नाही, दिवसाची शेवटची उडी पारच व्हायला हवी. एरवी माझा बाक वर असे. एखादं पोर रडकुंडीला आलं की बाई मला खुंट्यांवर ठेवताना गुपचूप फिरवत. बाक खाली येई, उंची चांगली चार बोटं कमी होई आणि पोर गादीवर हसत पडे.

त्यांत एक 'शिडी' होती. वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून हे नाव. एवढ्या उंच मुलीला उडी काय अवघड, असं जो तो म्हणे, आणि तिची टाच नेमकी मला लागे. मी खणकन खाली पडले की तिची मानही खाली जाई. शेवटची उडी तेवढी जमायची, त्या बळावर ती पुन्हा यायची.

एके दिवशी तिने बाईंचा हात फिरताना पाहिला. दुसऱ्या दिवशी आली ती स्पर्धेच्या यादीतून नाव काढा म्हणून सांगायला.

"तुम्ही दांडी फिरवता, बाई. म्हणजे मी कधी पार केलीच नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी मात्र सारवासारव केली नाही.

"फिरवते. तुला सांगायला हवं होतं, चुकलं माझं. पण सोमवारी फिरवायची विसरले होते. तू पार गेल्यावर लक्षात आलं."

हे अगदी खरं होतं. पण मला कुठे बोलता येतं?

मग शिडीने स्वतःच मला खुंट्यांवर ठेवलं, बाक वर आहे ना ते बोटाने चाचपलं आणि धावत आली. मी पडले. तिने उचललं. पुन्हा पडले, पुन्हा उचललं. या वेळी तिची मान खाली गेली नाही. बाई लांब उभ्या होत्या, हात मागे बांधून.

मित्रांनो, कोणाकडून दांडी पडली तर हसू नका, पुढे होऊन ती उचलून ठेवा. माझ्यासारख्या वाकलेल्यांनाही लगेच भंगारात काढू नका.

त्या दिवशी शिडी दांडी पाडूनच घरी गेली. पण दुसऱ्या दिवशी तिने दांडी मारली नाही.