गाड्या त्याच्या, पेट्या तिच्या

मी पेटी बोलतेय. मोटारसायकलच्या मागे बांधतात ना सामान पोचवायला, ती. कंपालामध्ये ट्रॅफिक तुंबला की तुमच्या नाकासमोर जे चौकोनी ढुंगण डुलत असतं, ते माझंच.

माझा जन्म कात्वेचा. तिथले कारागीर पत्र्याचं काहीही करून देतात. माझा बाप आधी पातेली ठोकायचा, त्यामुळे माझे कोपरे जरा गोलच राहिले. रेस्टी मला घ्यायला आली तेव्हा तिनं माझ्यावर बसून पाहिलं. बाई अंगानं भरदार. मी कुरकुरले नाही म्हणून माझ्यासारख्या आणखी नऊजणी तिनं सांगितल्या.

रेस्टी आणि तिचा नवरा डेओ यांची सामान पोचवण्याची कंपनी होती. किकुबोच्या गल्लीतल्या व्यापाऱ्यांकडून उचलायचं आणि शहरभर वाटायचं. डेओला वेगाची भारी हौस. जेवतानाही तो कुणीतरी मागे लागल्यासारखा जेवायचा. गाड्या त्यानं आणलेल्या, गिऱ्हाईक रेस्टीनं जोडलेलं. धंदा चांगला चालला, संसार मात्र मोडला.

वाटणीला दोन्हीकडचे वडीलधारे फणसाखाली जमले. खूप घसे खाकरले गेले. डेओ म्हणाला, "गाड्या माझ्या घामाच्या आहेत."

"घेऊन जा," रेस्टी म्हणाली. "आणि सामान डोक्यावर घेऊन फिर. पेट्या माझ्या आहेत."

म्हाताऱ्यांना हे फार न्याय्य वाटलं. गाड्या त्याला, पेट्या तिला असा निकाल देऊन ते जेवायला बसले. कोंबडी होती, त्यामुळे पुढचा विचार कुणी केला नाही.

झालं! एकाच शहरात दोन अर्ध्या कंपन्या. डेओनं प्लास्टिकच्या पिशव्या गाडीला बांधल्या. रेस्टीनं स्वतःची गाडी असलेले चालक धरले. मी कायोंडो नावाच्या चालकाच्या वाट्याला आले. हा दिवसभर गायचा आणि त्याला एकच गाणं यायचं.

मग दोघांनी एकमेकांची जिरवायला दर उतरवले. त्यानं उतरवले की हिनं उतरवायचे. शेवटी तो फुकट पोचवू लागला. हिनं फुकट पोचवून वर केळ्यांची फणी द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं खूश, केळीवाला खूश, आणि दोघंही मालक भिकेला लागायच्या बेतात. माणसं याला स्पर्धा म्हणतात. आम्हा पेट्यांमध्ये याला भांडण म्हणतात.

एक दिवस कायोंडो लाल बुटांचा एक जोड परत घेऊन आला. "बाई, ती ताई म्हणते फोटोत लाल होते, हातात आले ते विटकरी. तिनं मलाच चोर म्हटलं. मी म्हटलं, ताई, मी फक्त आणले, रंगवले नाहीत."

रेस्टी माझ्या झाकणावर बसून शेंगदाणे खात होती. तिनं बूट हातात फिरवून पाहिले. "अरे, लोक फोटो बघून मागवतात आणि दार उघडताना घाबरतात. आपण वस्तू टेकवून पळतो, मग रडायचं कुणाकडे? यापुढे पळायचं नाही. घालून बघू दे त्यांना. नाही आवडलं, तर त्याच दिवशी व्यापाऱ्याला परत. थांबायचे पैसे मी वेगळे देईन."

"तेवढ्यात माझी तीन घरं झाली असती!"

"तीन घरं कर आणि तिन्हीकडून शिव्या खा. त्यापेक्षा एक कर, आणि शेजारणींचे फोन येतील असं कर. आणि केळी बंद!"

चालक आठवडाभर कुरकुरले. मग खरंच शेजारणींचे फोन यायला लागले. व्यापारीही हसू लागले, कारण परत येणारा माल आता चुरगळून महिन्यानं येत नव्हता, संध्याकाळच्या आत दुकानात पडत होता. दर वाढवले तरी कुणी हूं की चूं केलं नाही. माझ्या पोटात काय काय गेलं म्हणून सांगू! विग, चष्मे, एकदा तर कवळी. तीसुद्धा लावून बघितली आणि आवडली नाही म्हणून परत दिली. त्या प्रवासाबद्दल मी बोलणार नाही.

अशातच न्सान्सानाहून बोलावणं आलं. नातीच्या मागणीच्या समारंभासाठी एका आजीला गोमेसी हवी होती, म्हणजे समारंभाचा पायघोळ झगा, टोकदार खांद्यांचा, कमरेला रुंद पट्टा असलेला. तीन पाठवा, एक ठेवीन, म्हणाली. आम्ही पोचलो तर ओसरीवर साक्षात डेओ बसलेला. आजी म्हणजे त्याची आई! जुळ्यांची आई म्हणून सगळे तिला नालोंगो म्हणतात.

डेओ ताडकन उठला. "आई, माझी कंपनी असताना तू हिच्याकडून मागवतेस?"

"तुझा माणूस कुंपणावरून फेकतो रे. मागच्या वेळी माझी गोमेसी माझ्याआधी कुत्र्यानं नेसली."

कायोंडोला हसू आवरेना. त्यानं ते चहाच्या कपात लपवलं.

नालोंगोनं तिन्ही घालून पाहिल्या. मग पहिली पुन्हा. अंगणात शेजारणी गोळा झाल्या, प्रत्येकीचं मत वेगळं. "डेओ, नुसता बघत काय बसलास? पट्टा धर!" म्हातारी ओरडली. बिचारा आईच्या कमरेभोवती दोन फेऱ्या मारून गाठ बांधत राहिला. सुटली की पुन्हा. शेवटी जांभळी ठरली. नालोंगो आरशासमोर अशी उभी राहिली, जणू मागणी तिलाच येणार होती. डेओ आईकडे बराच वेळ बघत राहिला. तिच्याकडे त्यानं इतक्या निवांतपणे याआधी कधी पाहिलं असेल, असं मला वाटत नाही.

पुढे शहरात पिवळ्या पेट्यांची परदेशी कंपनी आली. त्यांच्याकडे पैसा इतका, की तोट्यात पोचवायला त्यांना आवडायचं. डेओचे व्यापारी रातोरात तिकडे गेले. स्वस्तासाठी आलेले, स्वस्तासाठी गेले. आमचे थोडे हलले, बाकीचे राहिले.

मग एका दुपारी डेओ आमच्या आवारात आला. टोपी हातात.

"रेस्टी, गाड्या उभ्या आहेत."

"माझ्याकडे बोलावणी पडून आहेत, गाड्या कमी पडतात."

तो उजळला. "म्हणजे पुन्हा एकत्र?"

"गाड्या म्हटलं मी. तू नव्हे."

चालक तोंडं फिरवून हसले. रेस्टी मात्र हसत नव्हती. "धंद्यात भागीदार हो. पण आधी महिनाभर स्वतः पेटी घेऊन दारोदार जा. सात वर्षं संसार केला, माझं एक वाक्य संपेपर्यंत कधी थांबला नाहीस. आता लोकांच्या बायकांची वेणीफणी होईपर्यंत थांब."

डेओचा चेहरा असा झाला की मला वाटलं, हा आता किक मारून निघून जाणार. त्यानं टोपी डोक्यावर घातली, कायोंडोच्या गाडीवरून मला सोडवलं आणि आपल्या गाडीला बांधू लागला. गाठ नीट बसेना. रेस्टी बघत राहिली, मदतीला गेली नाही.

पहिलंच घर न्टिंडा भागातलं. बाईंनी बुटांचे पाच जोड मागवलेले. एकेक घालून अंगणभर चालल्या, मैत्रिणीला फोनवर दाखवले, मग मोजे बदलून पुन्हा सगळे. डेओ एका पायावरून दुसऱ्यावर. "घाईत आहात का हो?" त्यांनी विचारलं.

डेओनं दोन्ही पाय जमिनीला टेकवले. "नाही ताई. सावकाश."

मी गाडीवरून पडायचीच राहिले!

महिना त्यानं पुरा केला. आता कंपनी दोघांची आहे, घरं दोन आहेत. लग्नाचं मला विचारू नका, त्यांनाही कुणी विचारत नाही. संध्याकाळी तो दिवसाचा हिशोब घेऊन येतो, ती बोलते, आणि वाक्य संपलं की मगच हा तोंड उघडतो. कधी कधी ती मुद्दाम लांबवते.

माझा तळ गंजून गेला. आता मी आवारात उलटी पडून असते आणि चालक माझ्यावर बसून जेवतात. पिवळ्या पेट्या अजून रस्त्यावर धावतात. धावोत बापड्या.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. दारात उभा असलेला माणूस हसून "सावकाश घ्या" म्हणतो ना, तेव्हा बहुतेक वेळा त्याला जोराची लघवी लागलेली असते. त्याला बसायला स्टूल द्या, घोटभर पाणी द्या. तेही होत नसेल, तर निदान संडास कुठे आहे तेवढं तरी सांगा. मग घाला बूट, हवे तितक्या वेळा.